पाऱ्याच्या दिव्यावरचे बोट

सोमवारी दुपारी हैफा बंदरातून दिवा येऊन पोहोचला, आणि गर्शोन वाकरूळकर यांच्या मनाचे स्वास्थ्य, जे गेल्या महिन्याभरात आधीच उणावले होते, ते पूर्णपणे नाहीसे झाले.

हे १९६३ सालच्या मार्च महिन्यातले. यरुशलेमच्या पश्चिमेला एका टेकडीवर शिक्षक घडविणारे एक लहानसे महाविद्यालय होते. त्याच्या जीवशास्त्र विभागात गर्शोन प्रयोगशाळेची व्यवस्था पाहत. वय अठ्ठावन्न. त्यापूर्वी मुंबईच्या एका सायन्स कॉलेजात सत्तावीस वर्षे त्यांनी लॅबोरेटरी अटेंडंट म्हणून काचपट्ट्या धुतल्या होत्या आणि भिंगे पुसली होती. मूळ घराणे कुलाबा जिल्ह्यातले, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या मराठी यहुदी तेल्यांचे. तेलाचा व्यवसाय आजोबांबरोबर संपला. परंतु काम सुरू करण्यापूर्वी साधनाला आदराने हात लावण्याची रीत घरात राहिली होती.

महिन्यापूर्वी विभागात एक प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक आला. साध्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश वस्तूतून आरपार येतो आणि आपण जणू तिची सावली पाहतो. या यंत्रात पाऱ्याच्या दिव्याचा जांभळा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश वस्तूवर सोडायचा. मग तिच्यातील जे द्रव्य तो प्रकाश प्राशन करते, ते अंधारात स्वतःच्या रंगाने उजळते. बाहेरून आलेला प्रकाश गाळून टाकायचा आणि वस्तूचे स्वतःचे तेज तेवढे डोळ्यापर्यंत येऊ द्यायचे. गर्शोन यांना हे प्रथम समजावून सांगितले गेले तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले होते.

यंत्र महाविद्यालयाच्या मालकीचे मात्र नव्हते. एका उपकरण-समितीने ते चाचणीपुरते दिले होते आणि दक्षिणेकडील एक संशोधन-संस्था तेच यंत्र मागत होती. पदवीच्या वर्गातील मुलांना असले यंत्र देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असे समितीतील बहुतेकांचे मत. त्याविरुद्ध एकट्या झुंजत होत्या त्या विभागातील अध्यापिका डॉक्टर त्सिला. त्यांनी अर्जात लिहून दिले होते : ‘हे यंत्र आमचे विद्यार्थी स्वतः हाताळतील.’ मंगळवारी सकाळी दहा वाजता समिती ते प्रत्यक्ष पाहण्यास येणार होती. पटले तर यंत्र राहील; न पटले तर बुधवारी पेटीत भरून दक्षिणेला जाईल.

त्सिला यांनी आणखी एक धाडस केले होते. यंत्राच्या अंधाऱ्या खोलीची आणि तिच्यातील विजेच्या पेटीची किल्ली त्यांनी भौतिकशास्त्राचा पदवीधर तंत्रज्ञ योएल याला न देता गर्शोन यांना दिली होती. “यंत्राजवळ श्वाससुद्धा बेताने घेणारा माणूस मला हवा,” असे त्या प्राचार्यांना म्हणाल्याचे गर्शोन यांच्या कानी आले होते. या देशात आल्यापासून आठ वर्षांत त्यांच्याविषयी कोणी इतके चांगले बोलले नव्हते.

कंपनीचा माणूस तेल अवीवहून येऊन यंत्र जोडून गेला होता. आपल्याजवळच्या नमुन्याच्या दिव्याने ते चालवून दाखवून, दिवा कसा बसवायचा हे गर्शोन यांच्याकडून चार वेळा करवून घेऊन, दिव्याची जागा साधणारे स्क्रू तसेच ठेवून तो आपला दिवा घेऊन परतला. जाताना पांढरे सुती हातमोजे देऊन एवढेच म्हणाला, “याशिवाय बसवायचा नाही.” का, हे त्याने सांगितले नाही आणि गर्शोन यांनी विचारले नाही. शुचितेचे कारण विचारायचे नसते, अशी त्यांची धारणा.

तर सोमवारी दुपारी तो खरा दिवा आला. स्पंजाच्या खाचेत निजलेला, बोटाएवढा लांब, दोन टोकांना धातूच्या टोप्या, मध्ये क्वार्ट्‌झच्या काचेचा फुगीर मणी आणि मण्यात पाऱ्याचा एक थेंब. खोलीत कोणी नव्हते. गर्शोन यांनी मोजे चढवले, दिवा उचलला, उजेडाकडे धरला. पाऱ्याचा थेंब किंचित हलला.

मग त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. दोन बोटे त्या मण्याला हलकेच टेकवली आणि ती बोटे ओठांना लावली. दाराच्या चौकटीवरील मेझुझाला, धर्मवचन ठेवलेल्या लहानशा नळीला, जाता-येता ते असेच करीत. प्रार्थनामंदिरात तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी जवळून नेली जाई तेव्हाही असेच. मोजा घालून हे करणे त्यांना उद्धटपणाचे वाटले असते. त्यानंतर पुन्हा मोजा चढवून त्यांनी दिवा त्याच्या घरात बसवला, झाकण स्क्रूंनी आवळले आणि विजेच्या पेटीला कुलूप लावले. दिवा पेटवायचा तो सकाळी, विद्यार्थ्यांच्या समोर, असे ठरले होते. पेटीतील माहितीपत्रक जर्मन भाषेत होते. ते त्सिला यांनी भाषांतरासाठी घरी नेले.

मंगळवारी नऊची वेळ असताना गर्शोन साडेसातलाच हजर झाले. टेबल पुसले, पुन्हा पुसले. खिडक्यांवरचे काळे पडदे ओढून पाहिले, उघडले, ओढले.

“काय हो, हिंदुस्थानचे राजदूत!” दारातून योएल म्हणाला. “दिव्याला फुले वाहिलीत की नाही? तुमच्याकडे गायीलाही वाहतात म्हणे.”

“आम्ही गायीला चारा घालतो, योएल. फुलांचा उपयोग लग्नात होतो. तुझे जमले तर पाठवीन.”

“किल्ली सांभाळा,” योएल हसत म्हणाला. “जड झाली तर माझा खिसा रिकामा आहे.”

नऊ वाजता अकरा विद्यार्थी आले आणि यंत्राभोवती अर्धवर्तुळात बसले. सर्वांत पुढे रूती पेणकर. नऊ वर्षांची असताना मुंबईहून आलेली, गर्शोन यांना ‘अंकल’ म्हणणारी आणि त्यांच्या मराठी प्रश्नांना हिब्रूत उत्तरे देणारी. समितीला काय दाखवायचे तेही तिनेच आणले होते : दक्षिणेच्या वाळवंटात मित्स्पे रामोनजवळच्या महाविवराच्या काठावरून खरवडलेली, ऊन खाऊन काळवंडलेली मातीची पापडी. वरून पाहता निर्जीव धूळ. परंतु तीत सूक्ष्म शेवाळाचे तंतू असतात आणि या यंत्राखाली ते तांबडे उजळतील, असे वर्गाचे प्रतिपादन होते.

“दिवा पेटवण्यापूर्वी नियम ऐका,” त्सिला म्हणाल्या आणि भाषांतराचा कागद वाचू लागल्या. मूळची जर्मन ही त्यांच्या आईची भाषा. तिच्यातून आलेले काही वाचताना त्यांचा आवाज कोरडा होई. “एक. दिवा पेटल्यावर अर्धा तास विझवू नये. दोन. विझवल्यावर थंड होईपर्यंत पुन्हा पेटवू नये. तीन. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. चार. काचेच्या फुगीर भागाला उघड्या बोटाने स्पर्श करू नये. त्वचेवरील तेल उष्णतेने काचेत जळून बसते, त्या जागी काच दुबळी होते, आणि आतील दाब वाढला की दिवा फुटण्याचा संभव असतो. स्पर्श झालाच, तर पेटवण्यापूर्वी स्पिरिटने पुसून काढावा. पाच…”

पाचवा नियम गर्शोन यांना ऐकू आला नाही. सहावाही नाही. त्यांनी उजवा हात खिशात घातला, बाहेर काढला, पाठीमागे नेला. मग पाणी पिऊन येतो असे पुटपुटून ते बाहेर पडले.

मार्गिकेच्या टोकाला छोट्या स्वयंपाकघरात सिपोरा चेऊलकर समितीसाठी चहा मांडत होत्या. मुंबईत दोघांची घरे एकाच गल्लीत होती.

“तोंड का असं? आली का ती माणसं?”

“नाय. सिपोराबाय, माझ्या हातून घोटाळा झालाय.” आणि त्यांनी सांगितले.

सिपोराबाईंनी किटली खाली ठेवली. “दिव्याचा मुका घेतलास?”

“मुका कुठला! मेझुझाला करतो तसं. बोट लावलं, ओठाला लावलं.”

“एवढं कवतिक तुझ्या फ्लोराचं केलं असतंस तर बायको फुलून गेली असती.”

“थट्टा करू नको गं. ते तेल काचेत जळतं म्हणे.”

“मग जळणारच! तेल्याची जात, बोटाला तेल असायचंच.” मग त्यांचा स्वर उतरला. “भाऊ, कुणाला कशाला सांगतोस? एका बोटानं काय होतंय? पेटू दे. तास-दीड तासाचा तर खेळ.”

“फुटला तर? अकरा पोरं भोवती बसलीत. पेणकरांची रूती एकदम पुढ्यात.”

“फुटेलच असं लिहिलंय?”

“फुटू शकतो, असं लिहिलंय.”

सिपोराबाईंनी पदराने हात पुसले. “मग बोल जा. पण किल्ली जाईल हां. तो योएल टपूनच बसलाय.”

“ते मला कळत नाय का!”

परतताना मार्गिका लांबली की काय असे त्यांना वाटले. दोनदा ते थांबले. दहा पावले मागेही गेले. गुपचूप पुसून काढावे, तर खोलीत अकरा जण बसलेले. काही न बोलावे, तर त्या बोटांची खूण तशीच काचेवर राहणार, आणि ती तेथे आहे हे जगात केवळ त्यांना आणि सिपोराबाईंना ठाऊक असणार. नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती.

“आलात? बरे झाले,” त्सिला म्हणाल्या. “पेटी उघडा. दिवा स्थिर व्हायला दहा मिनिटे लागतात.”

“डॉक्टर, काल मी दिव्याला उघड्या बोटांनी स्पर्श केला.”

त्सिला यांनी हातातला कागद खाली ठेवला.

“तुमच्याजवळ मोजे होते.”

“होते. काढले होते.”

“का?”

गर्शोन यांना हिब्रूत शब्द सापडेना. त्यांनी दोन बोटे हवेत धरली आणि ओठांना लावून दाखवली. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले.

त्सिला यांनी घड्याळ पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक काय काय गेले ते सर्वांना दिसले. झाकण उघडायचे, दिवा काढायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. आणि त्या गडबडीत स्क्रू हलले की दिवा पुन्हा भिंगाच्या बरोबर मध्यावर आणायचा. कंपनीच्या माणसालाही त्याला दोन तास लागले होते. समितीला चाळीस मिनिटे उरली होती.

“आज पेटवू,” त्या शेवटी म्हणाल्या. “फक्त तासभर. उद्या काढून पुसू.”

“उद्या डाग निघणार नाही, डॉक्टर. तुम्हीच वाचलेत.”

“मग दुसरा दिवा मागवू! गर्शोन, यंत्रच गेले तर दिवा घेऊन मी काय करू? पेटी उघडा.”

“नाही.”

हा शब्द त्यांच्या तोंडून इतका सहज बाहेर पडला की ते स्वतःच दचकले. सत्तावीस अधिक आठ वर्षांत कोणत्याही अध्यापकाला त्यांनी तो उच्चारला नव्हता.

“तुम्ही मला नाही म्हणता?”

“किल्ली देईन. आत्ता देईन. पण दिवा पुसल्यावर. ही मुले याच्याभोवती बसणार आहेत.”

विद्यार्थी आपापल्या बुटांकडे पाहू लागले. बाहेर एक गाडी चढण चढत असल्याचा आवाज आला आणि सर्वांच्या माना वळल्या. परंतु ती दुधाची गाडी होती. रूती उठली, फळीवरून स्पिरिटची बाटली आणि मऊ कापड घेऊन आली आणि दोन्ही टेबलावर ठेवून उभी राहिली.

“ठीक आहे,” त्सिला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता. “पण तुम्ही आता कशालाही हात लावायचा नाही. रूती, मोजे घाल. गर्शोन सांगतील तसे करायचे. पडदे उघडा.”

मग ते काम सुरू झाले. गर्शोन हात पाठीशी बांधून उभे राहिले आणि मोडक्या हिब्रूत एकेक पायरी सांगू लागले : हा स्क्रू आधी, तो नंतर, टोपी धरायची, काच नाही, ओढायचे नाही, सैल होऊ द्यायचे. रूतीने दिवा खिडकीशी नेला. उन्हात तिरका धरताच मण्यावर दोन बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले दिसले, रेषान् रेषा. अकराही जणांनी ते पाळीपाळीने पाहिले. गर्शोन यांनी पाहिले नाही. दिवा पुसला गेला, पुन्हा उजेडात तपासला गेला, पुन्हा पुसला गेला.

समिती पावणेदहालाच आली. तिघे होते. अध्यक्ष अव्नेर, साठी ओलांडलेले, पांढऱ्या भुवयांचे वनस्पतिशास्त्रज्ञ. कार्यवाह बत्या, हातात वही. आणि एक सभासद, ज्यांना खुर्ची दिली तरी ते उभेच राहिले.

“यंत्र उघडे का?” अव्नेर यांनी विचारले.

“थोडी तांत्रिक…” त्सिला बोलू लागल्या.

“चूक माझी,” गर्शोन म्हणाले. आणि मोजा, स्पर्श, ओठ, सगळे त्यांनी सांगून टाकले. उभे असलेले सभासद मोठ्याने हसले. बत्याबाईंनी वहीत काहीतरी लिहिले.

अव्नेर हसले नाहीत. “दिव्याला? कशासाठी?”

“न दिसणारे दाखवणारी वस्तू प्रथमच हातात आली होती. आमच्यात अशा वस्तूला आधी मान देतात. तो मोज्यातून देता येत नाही.”

“पुसल्याशिवाय पेटवला असता तर कोणाला कळले असते का?”

“नाही. फुटेपर्यंत कोणाला नाही.”

अव्नेर यांनी भुवया खाली घेतल्या आणि ते मुलांकडे वळले. “पुढे चालू द्या.”

रूतीने दिवा बसवून झाकण आवळल्यावर गर्शोन यांनी पेटी उघडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि कळ दाबण्यासाठी रूतीला जागा करून दिली. दिवा पेटला. पुढचा तास त्या खोलीतील कोणाही माणसाला सुखाचा गेला नाही. अंधारात एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर दिव्याच्या ज्वालेचे प्रतिबिंब पाडायचे आणि स्क्रू फिरवीत ते मध्यावर आणायचे. एकाने उलट फिरवले. प्रतिबिंब नाहीसे झाले. सात मिनिटे पुठ्ठ्यावर नुसता धूसर डाग. दोन मुलांत बाचाबाची झाली. गर्शोन यांची बोटे पाठीमागे एकमेकांत गुंतत होती, सुटत होती. तो स्क्रू त्यांनी अर्ध्या मिनिटात जागेवर आणला असता. “डावीकडे. थोडा. थोडा म्हटले!” एवढेच ते म्हणू शकत होते. बत्याबाईंनी गाडी खोळंबल्याची आठवण दिली, दहा मिनिटांनी पुन्हा दिली. उभे सभासद आता बसले होते आणि पायाने ठेका धरत होते.

अकराला पाच कमी असताना रूती म्हणाली, “बघा.”

अव्नेर यांनी डोळा लावला. वर्तुळाची एक कड अजून काळोखीच होती. मध्य पूर्णपणे साधला नव्हता. परंतु काळ्या पार्श्वभूमीवर रामोनच्या पापडीतले तंतू निखाऱ्यासारखे तांबडे दिसत होते. ते फार तर दोन मिनिटे पाहत राहिले. मग उठले, टोपी घातली आणि “धन्यवाद” म्हणून निघाले. चहाला कोणी थांबले नाही.

“एवढा चहा आता कुणाच्या नरड्यात ओतू?” सिपोराबाईंनी मार्गिकेतून विचारले. त्सिला त्या दिवशी गर्शोन यांच्याशी आणखी एक शब्दही बोलल्या नाहीत.

बुधवार गेला, पेटी भरा असा निरोप आला नाही. राहू द्या असाही नाही. पुरीम आला, मुंबईची मंडळी ज्याला होळीचा सण म्हणत तो. फ्लोराबाईंनी पुरणपोळ्या केल्या. गर्शोन यांनी अर्धी खाल्ली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. टपाल सणाच्या दिवशी येत नाही, याची आठवण त्यांना त्या दिवशी तीनदा करून द्यावी लागली.

पत्र आणखी आठ दिवसांनी आले. त्सिला ते प्रयोगशाळेत घेऊन आल्या आणि दार लावून वाचू लागल्या. पहिल्या परिच्छेदात लिहिले होते की, विद्यार्थ्यांनी दोष समजून घेऊन, यंत्र स्वहस्ते उघडून पुन्हा कार्यान्वित केल्याचे समितीने प्रत्यक्ष पाहिले. सबब यंत्र पदवीच्या अध्यापनासाठी व संशोधनासाठी महाविद्यालयात कायम ठेवण्यात येत आहे. गर्शोन यांचे डोळे मिटले. त्सिला मात्र थांबल्या होत्या.

“दुसरा परिच्छेद आहे,” त्या म्हणाल्या. “यंत्राचा दिवा आणि किल्ली यापुढे पात्रताधारक तंत्रज्ञाच्याच ताब्यात असावी.” त्यांनी कागदाची घडी घातली. “मी हरकत घेणार आहे.”

“घेऊ नका, डॉक्टर.”

“तुम्ही त्या दिवशी ऐकले असतेत माझे, तर…” त्या अडखळल्या. “ऐकले नाहीत, म्हणून यंत्र राहिले.”

“दुसऱ्या परिच्छेदावर भांडलात तर ते पहिलाही पुन्हा उघडतील. राहू द्या.”

दुपारी त्यांनी किल्ली योएलला नेऊन दिली. तो काही थट्टा करील म्हणून मनाशी एक उत्तर तयार ठेवले होते, परंतु योएलने किल्ली घेतली, दोन्ही हातांत फिरवली आणि विचारले, “मोजे कुठे ठेवता तुम्ही?”

“डाव्या खणात. दर रविवारी धुवायचे. साबण नको, नुसते गरम पाणी.”

“आणि मी विसरलो तर?”

“तर मी रविवारी धुतो.”

त्या आठवड्यातील पहिल्या प्रात्यक्षिकाला गर्शोन सवयीने अंधाऱ्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत योएल दिव्याजवळ बसला होता. विद्यार्थी रांगेने येत, पाहत, वहीत आकृती काढण्यासाठी बाहेर पडत. करण्यासारखे त्यांना काही नव्हते. त्यांनी पडदा सारखा केला. तो सारखाच होता. काचपट्ट्यांचा डबा उचलला, खाली ठेवला. बाहेर जावे असे वाटले आणि जाववेना.

“अंकल,” रूतीने हाक मारली, “वाटेत उभे राहू नका. रांगेत या.”

“मी कशाला?”

“सगळे बघतात म्हणून.”

ते रांगेच्या शेवटी उभे राहिले. पाळी आली तेव्हा स्टुलावर बसून त्यांनी चष्मा काढला आणि डोळा लावला. प्रथम काळोख. मग त्या काळोखात तांबड्या तंतूंची जुडी. पापडीवर सकाळी पाण्याचा थेंब टाकला होता. तेवढ्याने ते तंतू जागे झाले होते आणि अतिशय हळू, एकमेकांवरून, सरकत होते. एकावर त्यांनी दृष्टी स्थिर केली, तर तो वर्तुळाबाहेर निघून गेला. दुसरा धरला, तोही निघाला.

“हे थांबत नाहीत का गं?”

“नाही,” रूती हिब्रूत म्हणाली. “पाणी आहे तोवर नाही.”

“आणि मी किती वेळ बघायचं?”

“मागे कोणी नाही, अंकल.”

योएलने त्यांचा हात धरून काचपट्टी सरकवणाऱ्या स्क्रूवर नेऊन ठेवला. गर्शोन यांनी तो केसभर फिरवला आणि निघून गेलेल्या तंतूच्या मागे मागे जाऊ लागले.